पेटारा कोणाचा?

(जिल्हा मेळाव्यात ‘स्त्रिया आणि मालमत्ता’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. काही ठिकाणी थोडी काटछाट केली आहे.)

मैत्रिणींनो,

सकाळी वकील मैत्रिणीनं कायदे समजावून सांगितले. ते पुन्हा सांगत बसत नाही. मी एका लाकडी पेटाऱ्याबद्दल बोलणार आहे. त्यात कायदा येईलच, पण मागच्या दारानं येईल. एक गोष्ट आधीच सांगते. मी कुणाचंही नाव घेणार नाही. पेटाऱ्याचा निकाल अजून लागलेला नाही आणि त्यातली बरीच माणसं हयात आहेत. त्यांच्याशी मला अजून जेवायला बसायचं आहे.

सातारा जिल्ह्यात आमचं जुनं घर आहे. मागच्या वर्षी ते विकायचं ठरलं. चुलतभावानं सामानाची यादी केली. झोपाळा, दोन पलंग, घडवंच्या, देव्हारा, पितळेची भांडी किलोवर. यादीत सगळ्यात वर होता पेटारा. साडेचार फूट लांब, कंबरेएवढा उंच, खाली चार लाकडी चाकं, बाहेरून लोखंडी पट्ट्या आणि पुढे हाताएवढा कोयंडा. मुंबईचा एक जुन्या सामानाचा व्यापारी तो बघून गेला होता आणि चाळीस हजार देतो म्हणाला होता. पेशवेकालीन आहे, असंही म्हणाला होता. आतून-बाहेरून घासून, पॉलिश करून तो कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाणार होता. काच टाकली की टेबल होतं म्हणे.

मी सहज विचारलं, “पेटारा कोणाचा?” भाऊ म्हणाला, “पणजोबांचा. त्यावरच झोपायचे ते.” म्हणजे जो झोपला त्याचा. घरातल्या वस्तूंची मालकी आपल्याकडे अशीच ठरते. चूल बाईची म्हणतात, पण घर विकताना चुलीखालची जमीन बाप्याच्या नावावर निघते.

पेशवेकालीनचं आधी सांगते, कारण तुम्हालाही असे व्यापारी भेटतील. लाकूड किती जुनं ते नुसतं बघून कळत नाही. पण जोडकाम बोलतं. आमच्या तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांना मी घेऊन गेले. त्यांनी बिजागरीचा एक स्क्रू काढून तळहातावर ठेवला. त्याला टोक होतं. टोकदार स्क्रू यंत्रावर सर्रास व्हायला लागले ते १८४० च्या दशकानंतर. त्याआधीच्या स्क्रूंची टोकं बोथट असत. म्हणजे पेशवाई १८१८ ला बुडाल्यावर निदान तीस वर्षं तरी हे लाकूड झाड होतं किंवा वखारीत होतं. बिजागरी नंतर बदललेली असू शकते, हे मी विचारलं. काका म्हणाले, तसं असतं तर जुनी भोकं दिसली असती. मग त्यांनी तळाच्या फळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हातकरवतीचं आहे हे. ओरखडे सरळ आहेत. गोल करवतीचे वाकडे येतात.” सागवान, गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या सुतारानं केलेलं, साधारण सव्वाशे वर्षांचं. एवढंच ते सांगू शकले. प्रामाणिक माणूस. व्यापारी मात्र तीन वाक्यांत पेशव्यांपर्यंत पोचला होता.

खरी माहिती मिळाली ती आत्याकडून. माझी आत्या ब्याऐंशीची आहे. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण बाकी सगळं शाबूत. मी तिला म्हटलं, “आत्या, पणजोबांच्या पेटाऱ्याला चाळीस हजार येतायत.” तर ती म्हणाली, “आजोबांचा कसला? पेटारा पहिलीबरोबर आला.”

“कोण पहिली?”

“आजोबांची पहिली. आमच्या आजीच्या आधीची.”

मी पंचावन्न वर्षांची होत आले. या घरात वाढले. पणजोबांची दोन लग्नं झाली होती हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही बहुधा अंधूकच माहीत होतं. आत्याला नाव विचारलं, तर तिला आठवेना. ती म्हणाली, “नाव कोण घेतंय? सगळे पहिलीच म्हणायचे. देव्हाऱ्यात टाक आहे की तिचा.”

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक लहानसा टाक आहे. त्यावर बाईची आकृती. मी तो लहानपणापासून कुठल्यातरी देवीचा समजत होते. हळदकुंकू वाहिलं आहे त्याला. दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं मेलेल्या सवतीचा टाक करून गळ्यात घालायचा किंवा पूजेत ठेवायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. तिनं त्रास देऊ नये म्हणून. आणि अविधवा नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला, आमच्याकडे एक सवाष्ण जेवायला सांगतात. ती कुणासाठी, हे मी कधी विचारलं नाही. शंभर वर्षं या बाईच्या नावानं पुरणपोळी झाली आणि तिचं नाव घरात एकालाही येत नव्हतं.

मग मी मागे लागले. घरातल्यांनी वेड्यात काढलं ते जाऊ द्या.

कुठे कुठे शोधलं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला असा शोध घ्यावा लागला तर उपयोगी पडेल. सातबारा आणि फेरफार उतारे पाहिले. त्यात बायका येतात त्या विधवा झाल्यावर, वारस म्हणून, किंवा हक्क सोडल्याचा अंगठा देताना. ही नवऱ्याच्या आधी गेलेली, म्हणून कागदावर नाहीच. कुळाची छापील वंशावळ पाहिली. त्यात पणजोबांच्या नावाखाली तीन मुलगे आणि बायको एकही नाही. वंशावळ वाचताना असं वाटतं की आमच्या कुळातले पुरुष पुरुषांच्याच पोटी जन्मले.

नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. गावावरून आणि आडनावावरून आपले उपाध्ये सापडतात. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न आला, “घरातले कोणी पुरुष नाहीत का बरोबर?” मी म्हटलं, “आहेत, पण त्यांना वेळ नाही.” वही निघाली. पणजोबा १९१९ साली अस्थी घेऊन गेले होते. मोडीत नोंद होती. पत्नीचं नाव होतं, अर्थातच सासरचं, लग्नात बदललेलं. आणि पुढे दोन शब्द, “कन्या एक.” कन्येचं नाव नव्हतं.

म्हणजे तिला मुलगी होती.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुकं आहेत, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही बुकं राज्यभर कपाटांतून बाहेर आली, हे तुम्हाला आठवत असेल. त्यामुळे मला ती पाहायला मिळणं थोडं सोपं गेलं. ऑक्टोबर १९१८ ची पानं उलटताना हात थांबतो. एरवी महिन्याला एखादं पान भरायचं, त्या महिन्यात नोंदी संपतच नाहीत. इन्फ्लुएन्झाची साथ. मुंबई इलाख्यात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात शिगेला पोचली होती आणि देशभरात एक कोटीच्या वर माणसं गेली. आमच्या गावच्या पानांवर कारणाच्या रकान्यात एकच शब्द खाली खाली लिहीत नेला आहे, ताप. आणि मृताच्या नावाच्या रकान्यात पुरुषांची नावं आहेत, बायकांपुढे मात्र अमक्याची बायको, तमक्याची आई. आमची पहिली तिथे ‘बायको’ म्हणून आहे.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं. मागच्या महिन्यात मी हे सगळं आमच्या केंद्रावर सांगत होते, तर एक कार्यकर्ती म्हणाली, “ताई, तुमच्याकडे शोधायला पेटारा तरी आहे. माझ्या पणजीचं फक्त जातं होतं, तेही दुष्काळात विकलं.” तिचं खरं आहे. जुनं फर्निचर, उपाध्यायांची वही, छापील वंशावळ हा सगळा वरच्या जातीतल्या, चार पैसे असलेल्या घरांचा ऐवज आहे. आणि तरीही त्या घरातली बाई त्यात सापडत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. ज्या घरात कागदच नव्हते त्या घरातल्या बाईला शोधायचं कसं, यावर आपण वेगळं बसायला पाहिजे. त्या कार्यकर्तीनं मात्र नंतर सांगितलं की जातं विकलं तरी पणजीचं नाव तिला पाठ आहे. आजी ओवीत घालायची.

आता पेटाऱ्याकडे येते. व्यापाऱ्यानं लाकूड बघण्यासाठी झाकणाच्या आतलं खारव्याचं कापड एका कोपऱ्यात उचकटलं होतं. खाली काळ्या रेघा दिसत होत्या. भावाला वाटलं बुरशी. मी ओला बोळा घेऊन कापड हळूहळू सोडवलं. एक अख्खी दुपार लागली. झाकणाच्या आतल्या फळीवर शाईनं मोडीत लिहिलेलं होतं. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिका मोडी वाचतात. त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या, बॅटरी मारून एकेक ओळ वाचू लागल्या आणि मी लिहून घेऊ लागले.

वर ‘श्री’. मग शके १८३०, म्हणजे १९०८-०९. मग एका मुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव, गाव. आणि ‘आंदण’. खाली यादी. तांब्याचा हंडा एक, कळशी एक, पितळी परात एक, तपेली दोन, समया दोन, लोखंडी पळी, विळी, पाट चार, पेटारा एक.

पेटाऱ्यावरच्या यादीत पेटारा! बाई हसल्या. म्हणाल्या, “लिहिणारा हिशोबी होता.”

मुलीचं ते माहेरचं नाव जगात दुसरीकडे कुठेही नाही. मी खूप शोधलं आहे. सरकारी बुकात ती बायको, नाशिकच्या वहीत सासरचं नाव, वंशावळीत काही नाही. तिच्या आईबापांनी तिला ज्या नावानं हाक मारली, ते फक्त त्या फळीवर होतं आणि ती फळी पॉलिश पेपरनं घासली जाणार होती.

तुमच्यातल्या अनेकजणी समुपदेशन केंद्रात बसतात. टाकून दिलेली, हाकललेली बाई येते आणि म्हणते, पोटगीचं नंतर बघू, आधी माझं कपाट आणि भांडी मिळवून द्या. पेटाऱ्याची जागा आता पोलादी कपाटानं घेतली आहे. गोदरेजनं १९२३ मध्ये ती बनवायला सुरुवात केली आणि पुढे बापानं मुलीला कपाट द्यायचं हे ठरूनच गेलं. तर ही बाई पोलीस चौकीत जाते, तेव्हा तिला ऐकवतात, “भांड्यांसाठी काय भांडता?” आपणही कधी कधी मनात म्हणतो की हिला कपाटाचं काय पडलंय. पण प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन हे बाईचं एकटीचं, नवरा किंवा सासर ते फक्त सांभाळणारे. मागितल्यावर परत न देणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा. तेव्हा ते कलम ४०६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ मध्ये आलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत करायचा आदेश देऊ शकतात.

अडतं कुठे? पुराव्यावर. आणि पुरावा म्हणजे यादी. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले की लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी करायची, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, कोणी दिली, तिचं नातं, खाली दोघांच्या सह्या, आणि वधूची यादी वधूकडे. इथे बसलेल्यांपैकी किती जणींच्या लग्नात अशी यादी झाली? हात वर करा. (सभागृहात दोन हात वर.) माझ्याही लग्नात झाली नव्हती. मागितली असती तर “आत्ताच मोडायचा विचार आहे का” असं ऐकावं लागलं असतं. शके १८३० मधल्या त्या हिशोबी माणसाला कायदा माहीत नव्हता, पण ते शहाणपण होतं. यादी त्यानं अशा ठिकाणी केली की जी वस्तू गेली तर यादी जाईल आणि राहिली तर यादी राहील.

आता त्या मुलीचं, ‘कन्या एक’चं. आत्या म्हणाली, तिला कराडकडे दिली होती. सारडा कायदा यायच्या आधी घाईघाईनं. तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, मुलीचं वय चौदा पूर्ण हवं असं त्यात होतं. त्याच्या आधीच्या महिन्यांत गावोगाव लगीनघाई उडाली होती. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती, म्हणजे हिशोब बरोबर लागतो. तिला लग्नात काय दिलं? आत्या म्हणाली, “दोन भांडी. पेटारा कुठला देतायत, तो आजोबांचा पलंग झाला होता ना.”

आमच्या घरातले पुरुष धर्मशास्त्राचे दाखले फार देतात, म्हणून मी ते उघडून पाहिलं. मिताक्षरेप्रमाणे लग्नात मिळालेलं स्त्रीधन बाईच्या मागे मुलीकडे जातं, त्यातही आधी अविवाहित मुलीकडे. मुलगा नंतर. नवरा तर मुलंबाळं नसतील तरच. म्हणजे ऑक्टोबर १९१८ मध्ये, त्यांच्याच शास्त्राप्रमाणे, पेटारा तीन वर्षांच्या त्या पोरीचा झाला होता. पणजोबा एकशे काही महिने नाही, पन्नास वर्षं दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूवर झोपले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, २००५ ची देशभराची दुरुस्ती, मुलगी जन्मानंच सहवारस हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा ठासून सांगितलं, या सगळ्या लढाया मोठ्याच. पण इथे नव्या कायद्याची गरजच नव्हती. जुनाच कुणी पाळला नाही.

मी सुरुवातीला हे सगळं लिहून काढलं तेव्हा माझी पणजी, म्हणजे दुसरी, त्यात खलनायिका झाली होती. तिनंच खारवा चिकटवला, तिनंच नाव झाकलं, असं. मग आत्यानं एक सांगितलं. पणजी या घरात आली तेव्हा तेरा वर्षांची होती. आल्या दिवशी तिच्या गळ्यात मेलेल्या बाईचा टाक घातला आणि मांडीवर तीन वर्षांची मुलगी दिली. लिहिता-वाचता येत नव्हतं. झाकणाच्या आत काय लिहिलंय हे तिला कळणार नव्हतं, पण काहीतरी लिहिलंय आणि ते आपल्याबद्दल नाही, एवढं रोज पेटारा उघडताना कळत असणार. मी ते आधीचं पान फाडून टाकलं.

कराडला त्या मुलीची मुलगी सापडली. एक्याऐंशी वर्षांची. आत्याची आतेबहीण, म्हणजे माझी आत्याच. शोधायला फार कष्ट पडले नाहीत. शंभर वर्षांत कुणी शोधलं नव्हतं इतकंच. दोन खोल्यांचं घर, मुलगा एसटीत होता, नात नर्सिंगला आहे. मी कोण ते सांगितल्यावर त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “पेटाऱ्याच्या घरातली का तू?” आमच्या घराला त्यांच्याकडे हे नाव होतं! त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं की माझ्या आईचा चाकांचा पेटारा होता, मी त्यात लपायचे. मी यादी वाचून दाखवली. त्यांनी आजीचं माहेरचं नाव दोनदा म्हणून पाहिलं. आणि विचारलं, “हंडा आहे का गं अजून?”

हंडा नाही. मोडीत गेला असणार.

पेटारा त्यांना नको आहे. ठेवायला जागा नाही. त्या म्हणाल्या, “विका आणि माझ्या नातीची फी भरा. झाकण तेवढं मला द्या.” व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, झाकणाशिवाय आठ हजार. भाऊ भडकला. तो काही वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं, शंभर वर्षांनी कोण मागतंय, आणि कायद्यानं मागता येतं का? वकील मैत्रिणीला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, मुदतीच्या कायद्यानं हा दावा कधीच बाद झालाय. भावाला मी ते खरं खरं सांगितलं. लपवलं नाही. वर हेही म्हटलं की तुझ्या मुलीच्या सासरी उद्या असंच कुणी मुदत मोजत बसलं तर? तो उठून गेला.

बिजागरीचे सहा स्क्रू सुतारकाकांनी काढले. झाकण टेम्पोतून कराडला गेलं. तिथे ते भिंतीला टेकवून उभं आहे, नातीनं त्यावर प्लास्टिक लावलं आहे. बिनझाकणाचा पेटारा अजून घरात आहे, घराचा सौदा लांबला आहे, आणि आठ हजारांचं काय करायचं त्यावर घरात दोन तट आहेत. या वर्षी अविधवा नवमीला आत्यानं सवाष्ण म्हणून कराडच्या सुनेला बोलावलं, ती काही आली नाही. कामावरून सुट्टी मिळाली नाही.

आणखी एक राहिलं. भावाच्या स्वयंपाकघरात एक जड पितळी परात आहे. वहिनी रोज तिच्यात कणीक मळते. जुन्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, तुम्हाला माहीत आहे. देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी शके. परातीच्या मागच्या बाजूला काहीतरी कोरलेलं आहे, असं वहिनीनं मला परवा फोनवर सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, कारण भाऊ घरात होता. ती मोडी आहे की बाळबोध हे तिला कळत नाही. पुढच्या रविवारी तो शेतावर गेल्यावर ये म्हणाली आहे. मोडीवाल्या बाईंना मी विचारलं आहे.